काउंटी जेलमध्ये गणित शिकवायला गेले त्याची गोष्ट (फॉर्म, ठसे, सेफ्टीपिन सगळ्यासकट)

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या मैत्रिणीचा मेसेज आला, ताई मला पण तुमच्यासारखं जेलमध्ये शिकवायला जायचंय पण फॉर्म बघूनच धडकी भरली, तुम्ही कसं केलंत? तिला व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देत बसले आणि चौथ्या दिवशी म्हटलं की हे सगळं एकदाच नीट लिहून टाकावं, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत सोडाच, इंग्रजीत पण कुणी धड लिहिलेलं सापडलं नव्हतं. हा उत्तर कॅलिफोर्नियातल्या आमच्या काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) अनुभव आहे. दुसरीकडे फॉर्म वेगळे असतील, पण गोंधळ साधारण हाच असणार.

आधी एक सांगते. आपण मराठीत सगळ्यालाच तुरुंग म्हणतो पण इकडे जेल आणि प्रिझन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रिझन राज्याचं नाहीतर केंद्राचं, लांब मुदतीच्या शिक्षेसाठी. काउंटी जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यात, आणि तिथे बरेचसे लोक असे असतात की ज्यांचा खटला अजून चालूच आहे, जामीन परवडला नाही किंवा मिळाला नाही म्हणून आत. बाकीचे एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचे. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०११ पासून कायदा बदलला, तेव्हापासून काही बिनहिंसक गुन्ह्यांच्या जास्त मुदतीच्या शिक्षा पण काउंटीतच भोगायच्या असतात. हे का सांगतेय तर तिथे शिकवण्याची पद्धतच त्यावर ठरते. आज समोर बसलेली बाई पुढच्या मंगळवारी असेल की नाही हे तिला स्वतःला माहीत नसतं, मग मला कुठून असणार. हे मला समजायला तीन महिने लागले, त्यावर येतेच.

मी मूळची साताऱ्याची, बीएस्सी मॅथ्स, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलं, मग इकडे येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग. २०२३ च्या लेऑफमध्ये घरी बसले. लायब्ररीच्या बोर्डावर एक साधा कागद होता, काउंटी जेलमध्ये जीईडीसाठी गणिताचे ट्यूटर हवेत. जीईडी म्हणजे ज्यांची बारावी राहून गेली त्यांच्यासाठीची परीक्षा, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये सुरू झालेली. चार विषय आहेत, गणित, भाषा, विज्ञान आणि समाजशास्त्र, आणि प्रत्येकात किमान १४५ गुण लागतात. गुण १०० पासूनच सुरू होतात बरं का, त्यामुळे १४५ ऐकून २०० पैकी पाऊणशे टक्के वगैरे हिशोब करू नका, मी केला होता.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि तू थेट जेलात चाललीस?" नवरा काही बोलला नाही, नुसतं "बघ बुवा" म्हणाला, आमच्याकडे ते जास्त गंभीर असतं.

१४ ऑगस्ट २०२३ ला अर्ज पाठवला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, आत्तापर्यंत वापरलेली इतर सगळी नावं. आता बघा, माझं माहेरचं आडनाव वेगळं, वडिलांचं नाव मधे, लग्नात नाव बदललं तेव्हा पहिलं नाव पण बदललं, त्यात सासरचं मधलं नाव, आणि पासपोर्टवर एका ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. पाच नावं झाली. शिकलेल्या बाईने फॉर्मवर पाच उर्फ लिहायची म्हणजे पेपरात वाचतो तसं, अमुक उर्फ तमुक उर्फ पप्पू. पण सगळी लिहा. मी आधी दोनच लिहिली तर फॉर्म परत आला.

मग लाइव्ह स्कॅन, म्हणजे मशीनवर बोटांचे ठसे. ते राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे जातात. सरकारी फी काउंटीने भरली, ठसे घेणाऱ्या दुकानाचे २८ डॉलर माझे. ६ सप्टेंबरला दिले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की ठसे वाचता येत नाहीत. ४ ऑक्टोबरला परत गेले, परत २८ डॉलर, परत तेच. त्या दुकानातला मुलगा माझी बोटं उलटसुलट बघत म्हणाला, तुम्ही हातांनी खूप काम करता का? म्हटलं बाबा रे, तीस वर्षं भांडी घासलीत, रेषा सिंकमधून वाहून गेल्या. दोनदा ठसे नाकारले गेले की नावावरून रेकॉर्ड तपासायची सोय असते, पण ती आपोआप होत नाही, मागावी लागते. त्यामुळे रिजेक्ट झाल्याची दोन्ही पत्रं जपून ठेवा. आणि ठसे द्यायच्या आधी आठवडाभर हाताला क्रीम लावा, घासायचं काम नवऱ्याला द्या. (आमच्याकडे तेवढा आठवडा पेपर प्लेट्स होत्या.)

टीबीची टेस्ट हा आपल्या लोकांसाठी खास सापळा आहे. हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी बघतात ती टेस्ट आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी बीसीजी घेतलंय त्यांची खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात टम्म सुजला. मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरांचं पत्र, यात आणखी अकरा दिवस. सरळ पहिल्यांदाच डॉक्टरांना सांगा की बीसीजी झालंय, रक्ताची टेस्ट करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मला हे एक्स-रे काढणाऱ्या बाईने सांगितलं, एक्स-रे काढून झाल्यावर.

त्यानंतर काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, पाच आठवडे कुणाचा फोन नाही की मेल नाही. मी फोन केला तर कळलं की माझी फाईल ज्या टेबलावर होती ते टेबल बदललं होतं. रागावू नका, दर दोन आठवड्यांनी गोड आवाजात फोन करत राहा. १७ नोव्हेंबरला क्लिअरन्स आला.

९ डिसेंबरला, शनिवारी, ओरिएंटेशन. आम्ही नऊ जण, त्यात दोन चर्चवाले, एक योगा शिकवणारी, एनएच्या (नार्कोटिक्स ॲनॉनिमस, ड्रग्ज सोडू बघणाऱ्यांचा गट) मीटिंग घेणारे एक आजोबा. चार तास. सुरुवातीलाच एका कागदावर सही घेतली की मला ओलीस धरलं तर माझ्या बदल्यात कुणालाही सोडलं जाणार नाही हे मला मान्य आहे. घरी येऊन हे सांगायची चूक केली, तेव्हा मात्र "बघ बुवा"च्या पुढे बरंच बोलणं झालं. मग तुरुंगातल्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २००३ चा कायदा, कुणी काही सांगितलं तर मी ते कुणाला आणि किती वेळात कळवायचं. मग नियम. आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, मिठी मारायची नाही, कुणाची चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, बाहेरून साधं च्युइंगगम पण आणायचं नाही, तू कशासाठी आत आलीस हे विचारायचं नाही. शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला. आपल्याकडे बस स्टॉपवर भेटलेल्या बाईला पण आपण पगार विचारतो.

तिथेच एका समुपदेशक बाईंनी व्यसनमुक्तीच्या औषधांबद्दल सांगितलं. मी मनातून जरा नाक मुरडलं होतं, की व्यसन सोडवायला परत गोळीच द्यायची म्हणजे काय. त्यांनी एक आकडा सांगितला, वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या लोकांचा अभ्यास, २००७ मध्ये छापलेला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ड्रग ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट. कारण सरळ आहे, आत असताना शरीराची सवय मोडते आणि बाहेर पडल्यावर माणूस पूर्वीएवढाच डोस घेतो. म्हणून आत असतानाच ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू करतात. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलंय, १२९ पट हा आकडा सहसा टायपिंगची चूक म्हणून बघायला मिळतो. त्यानंतर नाक मुरडायचं बंद केलं.

पहिला वर्ग ९ जानेवारी २०२४, मंगळवार, संध्याकाळी सहा ते आठ. जेल गाडीने पंचवीस मिनिटांवर, पार्किंग फुकट, पण आत पोचायला तीन दरवाजे, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही. पावणेसहाला गेटवर असलं तर सहाला वर्गात. फोन, पर्स, घड्याळ सगळं गाडीत. मंगळसूत्र मी घरीच काढून ठेवते. केशरी कपडे नाहीत कारण तो रंग त्यांचा, ओढणी नाही, चपला नाहीत.

सेफ्टीपिनची गोष्ट दुसऱ्या मंगळवारची. साधा कुर्ता घातला होता, गळा जरा मोठा होता म्हणून आतून एक पिन लावली, ती लावल्याचं हातालाच माहीत, डोक्याला नाही. आपल्या बायकांच्या अंगावर कुठे ना कुठे एक पिन असतेच. डिटेक्टर वाजला. मी म्हटलं काही नाही माझ्याकडे, परत वाजला. महिला डेप्युटी (शेरीफच्या हाताखालच्या पोलीस) आल्या, पिन निघाली, त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. रिपोर्ट लिहिला गेला. त्या दिवशी वर्ग बुडाला आणि रडू आलं ते वेगळंच. वाटलं, झालं, संपलं. पण पुढच्या आठवड्यात त्याच डेप्युटींनी "पिन?" एवढंच विचारून आत सोडलं, आणि वर्षभर रोज तेच विचारलं.

माझा वर्ग बायकांच्या प्रोग्रॅम डॉर्ममध्ये. म्हणजे ज्यांनी स्वतःहून नाव दिलंय त्या सगळ्या एका मोठ्या हॉलमध्ये राहतात. सकाळी व्यसनमुक्तीचा ग्रुप, दुपारी पालकत्वाचा क्लास नाहीतर रागावर ताबा ठेवायचा, संध्याकाळी शाळा. वर्ग एका काचेच्या खोलीत. बारा छोट्या पेन्सिली मिळतात, गोल्फवाल्यांकडे असतात तशा बोटभर, मागे रबर नाही. बारा द्यायच्या, बारा परत घ्यायच्या. वहीला स्पायरल नको, कागदाला स्टेपल नको. फेब्रुवारीत एकदा अकराच परत आल्या. कुणी जागेवरून हलायचं नाही, वीस मिनिटं शोध. शेवटी एकीच्या अंबाड्यात सापडली, गणित करताना खोचली होती आणि विसरली होती. माझी पिन आणि तिची पेन्सिल, सारखंच की.

पहिल्या दिवशी सहा जणी होत्या. आधीच्या चाचणीत बहुतेकींचं गणित पाचवी-सहावीच्या आसपास आलेलं. मी माझ्या शिस्तीने बारा आठवड्यांचा प्लॅन केला होता, पूर्णांक, मग अपूर्णांक, मग टक्के, असं करत बीजगणितापर्यंत. एक्सेल शीट, रंग वगैरे. चौथ्या आठवड्यात पहिल्या सहातल्या दोनच उरल्या आणि पाच नवीन. कुणी सुटली, कुणाला कोर्टाची तारीख, कुणाला दुसऱ्या इमारतीत हलवलं. एकदा तर छेद समान करायचं अर्धं झालं होतं आणि स्पीकरवर एकीचं नाव आणि "रोल इट अप", म्हणजे गाशा गुंडाळ, सुटलीस. ती किंचाळली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, ती दारापर्यंत जाऊन परत आली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. छेद तसाच राहिला.

खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता आणि मला चीड आली होती. गाडीत बसून स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर एक्सेल शीट फेकून दिलं. आता नियम एकच, जे काय असेल ते त्या संध्याकाळी सुरू आणि त्याच संध्याकाळी संपलं पाहिजे. दोन तासांत घरी न्यायला एक तरी पूर्ण गोष्ट. घरी म्हणजे बंकवर. आज फक्त टक्के. आज फक्त क्षेत्रफळ. उद्याचं उद्या. माझ्यासारख्या प्लॅन करून जगणाऱ्या बाईला हे फार जड गेलं, आणि जी कुणी हे करायला जाणार असेल तिने निदान हे तरी माझ्याकडून फुकट घ्यावं.

अपूर्णांकाचं दार मात्र मला त्यांनीच उघडून दिलं. एक होती, पन्नाशीची, तिला मी इथे मोठी म्हणते. ती म्हणायची, मिस, मला फ्रॅक्शन या जन्मात येणार नाही. कॅलिफोर्नियात काउंटी जेलमध्ये वागणूक नीट असेल तर साधारणपणे दोन दिवस काढले की चार दिवस भरले असं धरतात. एक दिवस नवीन मुलगी आली, २४० दिवसांची शिक्षा, ३८ दिवस झालेले. मोठीने वर न बघता सांगितलं, "८२ राहिले." आणि मग, "प्रोग्रॅमचे दोन आठवडे मिळाले तर ६८." (शिक्षा झालेल्यांना असे कोर्स पुरे केले तर वर्षात जास्तीत जास्त सहा आठवड्यांपर्यंत सूट देता येते.) मी खडूच खाली ठेवला. म्हटलं हे काय केलंस सांग. "अर्धे केले, त्यातून गेलेले काढले." मी फळ्यावर तेच एक छेद दोन लिहून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, एवढंच होतं तर शाळेत असं का नाही सांगितलं?

तेव्हापासून गुणोत्तर आम्ही सूपवर करतो. सूप म्हणजे आतल्या दुकानातली मॅगीसारखी नूडल्सची पाकिटं, आत तोच रुपया-आणा. एका कॉफीला तीन सूप तर पाच कॉफींना किती. असा अदलाबदल नियमात बसत नाही, दारातल्या डेप्युटी खोकल्या, मी पुसून टाकून सफरचंदं लिहिली, सगळ्या हसल्या आणि उत्तर तेच आलं.

औषधाची रांग संध्याकाळीच असते. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळावं लागतं, तोवर नर्ससमोर बसवून ठेवतात आणि तोंड उघडून तपासतात, म्हणून निम्मा वर्ग पंधरा मिनिटं उशिरा येतो. सुरुवातीला मी चिडायचे. आता पहिली पंधरा मिनिटं कोडी ठेवते. महत्त्वाचं काही सव्वासहाच्या आधी शिकवू नका. एकदा लॉकडाउन झालं, म्हणजे सगळे दरवाजे बंद आणि जो जिथे आहे तो तिथेच, काचेच्या खोलीत एक तास चाळीस मिनिटं आम्ही आठ जणी अडकलो, बाहेर काय चाललंय कळेना. भीती वाटली का? पहिली दहा मिनिटं हो. मग मोठीने पाढे म्हणायला लावले, मला मराठीतून, आणि बे एके बे ऐकून त्या इतक्या हसल्या की डेप्युटींनी काचेवर टकटक केली.

नवऱ्याने एकदा विचारलं, याचा खरंच उपयोग होतो का? बरोबर प्रश्न आहे. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा २०१३ चा मोठा अभ्यास आहे, तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांचे परत आत जाण्याचे ऑड्स ४३ टक्क्यांनी कमी (ऑड्स हं, शक्यता नव्हे, दोन्ही एक नसतं, परत जाणाऱ्यांना न जाणाऱ्यांनी भागलं की ऑड्स). पण तो मुख्यतः प्रिझनमधला, जिथे माणूस वर्षानुवर्षं असतो. माझ्या दोन-दोन तासांना मी तो आकडा लावणार नाही. आमच्या शिक्षण कोऑर्डिनेटर म्हणतात की शेजारी सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मध्ये जेलच्या आतच चार्टर शाळा (सरकारी पैशावर चालणारी पण स्वतंत्र कारभाराची) काढली, फाइव्ह कीज, आणि तिची खरी गंमत ही की बाहेर पडल्यावर पण तिथेच पुढे शिकता येतं. आमच्याकडे तेवढं नाही, पण जीईडीचे पास झालेले विषय वाया जात नाहीत, उरलेले बाहेर येऊन देता येतात. हे मी आता प्रत्येक वर्गात सांगते, दर वेळी, कारण सहापैकी चौघींना ते माहीत नसतं.

वर्षाचा हिशोब माझ्या वहीत आहे. ५० मंगळवार, त्यातले ३३ वर्ग झाले, बाकी लॉकडाउन, स्टाफ कमी, सुट्ट्या, एक पिन. खर्च ठसे, एक्स-रेचा कोपे (विमा असला तरी आपण भरायचा वाटा) आणि पेट्रोल. वर्गात बसलेल्या बायका ५८. त्यातल्या किती जणींचं पुढे काय झालं? चौघी आत असतानाच गणितात पास झाल्या तेवढं माहीत आहे. बाकीच्यांचं विचारायची परवानगी नाही, शोधायची तर नाहीच. मोठी सप्टेंबरमध्ये सुटून गेली. मी त्या मंगळवारी सर्दीने घरी होते.

१७ डिसेंबरला वर्षाचा शेवटचा वर्ग. आत जाताना कोऑर्डिनेटर सहज म्हणाल्या, तुमची एक विद्यार्थिनी बाहेरच्या ॲडल्ट स्कूलमध्ये गणित पास झाली, १४९. नाव सांगता येत नाही म्हणाल्या. मी पण विचारलं नाही. आत सात जणी होत्या, त्यात एक अगदी नवीन पोरगी, एकविसाची असेल, डोळे सुजलेले. मी नाव विचारायच्या आत तिने कागद पुढे केला, मिस, माझी सुटायची तारीख काढून द्याल? मी कागद घेतच होते तर शेजारच्या बाईने तो ओढून घेतला, "किती मिळालेत? अर्धे कर आधी." आणि शिकवायला लागली, छेद खाली लिहायचा वगैरे, माझ्याच आवाजात.

आठ वाजता पेन्सिली मोजल्या तर अकरा. सगळ्यांनी मुकाट्याने आपापले अंबाडे चाचपायला घेतले.